मांडीवर मावेल एवढा कारखाना

परवा फोनवर तू विचारलंस, ‘अक्का, दहा बाय बाराची खोली. त्यात जाऊबाईंचं शिलाई मशीन, ह्यांचं कॉम्प्युटरचं टेबल, पावसाळ्यात कपड्यांची दोरीपण तिथंच. मी सुतारकाम करू कुठं?’ आणि मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, ‘नाहीच जमणार म्हणा.’ प्रश्नही तुझा, निकालही तुझा. मग फोन कशाला केलास गं?

तर आता ऐक. आधी डोक्यातलं ते मोबाइलमधलं सुतारकाम काढ. भलंमोठं गॅरेज, मधोमध छातीएवढं जाड टेबल, भिंतीवर ओळीनं लावलेली हत्यारं, कोपऱ्यात भुसा ओढणारं यंत्र. त्या लोकांची मोटार ठेवायची जागा आपल्या अख्ख्या घराएवढी. ते बघून निपाणीतली खोली मोजायला गेलीस तर रडूच येणार. आपल्याकडचा जुन्या पद्धतीचा सुतार कधी टेबलाशी उभा असलेला बघितलायस? तो जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या तळव्याखाली दाबतो आणि करवत, रंधा, पटाशी सगळं बसूनच चालवतो. दाराची अख्खी चौकट त्यानं लोकांच्या अंगणात बसून उभी केलेली आहे. पाय हा त्याचा शिकंजा. आणि तुला ही बैठक नवी नाहीच. विळीवर बसून पाट पायाखाली दाबायचा आणि धार आपल्यापासून किती अंतरावर आहे ते न बघता ओळखायचं, हे तुझ्या अंगात बाराव्या वर्षापासून आहे.

दुसरी गोष्ट. घरात काम आणि कामात घर, हे आपल्या भागात कोणाला शिकवावं लागतं का? मी बेळगावच्या वडगावात सून म्हणून आले तेव्हा सोप्यात यंत्रमाग होता. वडगाव, शहापूर, खासबाग, सगळीकडं तेच. माग आधी, माणसं नंतर. मागाची लांबी-रुंदी ठरलेली, तो हलत नाही, त्यामुळं हलायचं ते आपण. मुलांचा अभ्यास त्या खटखटीत, पाहुण्यांशी बोलणं त्या खटखटीत, आणि कापसाचे तंतू डाळीच्या डब्यापर्यंत. कोणी तक्रार करत नव्हतं, कारण त्या मागावर घर चालत होतं.

आता तुझ्या निपाणीतल्या गल्ल्या आठव. दुपारी उंबऱ्यात बसून बिड्या वळणाऱ्या बायका. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दोरा आणि कात्री. प्रत्येकीचा सगळा कारखाना त्या सुपात. जेवायची वेळ झाली की सूप उचलून कोनाड्यात, खोली परत जेवणाची. पाहुणा आला की सूप बाजूला, खोली बैठकीची. शेजारणीशी बोलायचं झालं तर सूप घेऊन शेजारणीच्या उंबऱ्यात.

घरात जागा घ्यायच्या या दोन तऱ्हा. मागासारखी किंवा सुपासारखी. मागासारखी जागा मागायचा हक्क मागानं मिळवलेला होता, तो घर पोसत होता. तुझं आहे छंदाचं काम. पतसंस्थेतून साडेपाचला येऊन, स्वयंपाकाला लागायच्या आधीची घटका आणि रविवारची दुपार. त्यासाठी खोलीत कायमचं टेबल ठोकायला निघालीस तर पहिल्याच महिन्यात त्या टेबलावर धुतलेले कपडे, वर्तमानपत्रं आणि मामंजींची औषधं येऊन बसतील. आणि मग तुझी चिडचिड. त्यापेक्षा सुपासारखी घे. मांडलं की कारखाना, उचललं की खोली.

तुझं सूप म्हणजे एक फळी. नीट ऐक, ही पहिली वस्तू तुला स्वतः करायची आहे. बारा एमएमच्या प्लायचा साधारण हात-दीड हात लांब तुकडा घे. एका टोकाला वरच्या बाजूनं दीड इंचाची पट्टी आडवी बसव, आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूनं तसलीच पट्टी. खालची पट्टी ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवायचं आणि करवत चालवायची. लाकूड सरकत नाही, टेबलाला चरा पडत नाही, म्हणजे आमच्या जावयांची, तुझ्या ह्यांची, तक्रार नाही. जमिनीवर बसलीस तर खालच्या पट्टीचं टोक जोत्याच्या कडेला अडकव, नाहीतर सरळ फळी भिंतीला टेकव आणि पायानं दाब. काम झालं की ही फळी कपाटामागं उभी राहते. जोडीला दोन सी क्लॅम्प घे, म्हणजे कुठल्याही स्टुलाचं घडीभर टेबल होतं.

हत्यारं थोडी. बारीक दात्यांची करवत, अर्ध्या इंचाची एक पटाशी आणि पाव इंचाची एक, लहान रंधा, गुण्या, हातानं फिरवायचं ड्रिल, लाकडी मोगरी, धारेचा दगड. ओढताना कापणारी जपानी करवत मिळाली तर बसून काम करणाऱ्याला ती सोयीची पडते, जोर आपल्याकडं येतो. बस, एवढंच. हे सगळं पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत मावतं. ट्रंकेला कुलूप मात्र पाहिजेच, घरात लहान पोर आहे. आपला पावसाळा तुला माहीत आहे, जूनपासून भिंतीसुद्धा घाम गाळतात, तेव्हा शिलाई मशीनचं तेल फडक्याला लावून पाती पुसल्याशिवाय ट्रंक बंद करायची नाही.

मशीन घेऊ का, असं तू दोनदा विचारलंस. कटर, राउटर, सँडर. नको. पैशाचं कारण नाही सांगत मी. ती यंत्रं शंभर डेसिबलच्या आसपास ओरडतात. वस्तीच्या भागासाठी आवाजाची सरकारी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या नियमांत ती लिहिलेली आहे. आता तुझ्या घरातला कायदा त्याहून कडक. मामंजी दुपारी झोपतात, जावयांच्या मीटिंगा चालतात, भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. हाताच्या करवतीला पलीकडचा माणूस फार तर ‘काय करालीस गं?’ म्हणून विचारील. कटरला तो दार वाजवील. शिवाय हेस्कॉमची वीज गेली तरी तुझं काम थांबत नाही, हा वरकड फायदा.

पण यंत्र नको म्हणायचं खरं कारण धूळ आहे, आणि इथं मी तुला सूट देणार नाही. बिडीच्या सुपाचं कौतुक केलं मी, पण त्याच सुपातली तंबाखूची धूळ त्या घरातल्या लेकरांच्या नाकातोंडात जाते हेही आपण बघत आलोय. सूप मांडीवर थांबतं, धूळ थांबत नाही. लाकडाच्या धुळीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. घाबरू नकोस, तो अभ्यास मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षं धुळीत राबलेल्या कामगारांवरचा आहे, रविवारी चमचा कोरणाऱ्या बाईवरचा नाही. पण मामंजींना दमा आहे ना? त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा. दिसणारा भुसा खाली पडतो, झाडून निघतो. न दिसणारी बारीक पूड तासन्‌तास हवेत तरंगते आणि तू झाडून पुसून निवांत बसलीस तरी तीच सगळे ओढत असतात.

ही बारीक पूड सगळ्यात जास्त होते पॉलिश पेपरनं घासताना. रंधा धारदार असला तर तो पूड करतच नाही, कागदासारखी लांब सालपटं काढतो. ती उचलली की संपलं, चुलीत किंवा बंबात जातात. म्हणून मी धारेच्या दगडावर एवढा जोर देते. धार लावणं हीच तुझी धूळ कमी करायची युक्ती आहे. पात्याची उतरण साधारण पंचवीस अंशांची असते, शेवटची नाजूक धार तीस अंशांवर. कोन मोजत बसू नकोस, तुमच्या गल्लीच्या टोकाला जो सुतार बसतो त्याच्याकडं एक दिवस जा, चहाचे आणि त्याच्या वेळेचे पैसे दे, आणि हात कसा धरायचा ते बघून घे. घासाघीस करू नकोस हां त्याच्याशी. तू छंद म्हणून शिकतेस, त्याचं पोट आहे त्याच्यावर.

घासायचंच असेल तर गच्चीवर, तोंडाला एन-९५ मास्क लावून. कापडाचा रुमाल उपयोगाचा नाही. आणि गच्चीवर जायच्या आधी विचार, आज कुरडया-सांडगे वाळत घातलेत का. उन्हाळ्यात हा प्रश्न न विचारता गेलीस तर जाऊबाई तुझ्याशी आषाढापर्यंत बोलणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

एमडीएफ आणि प्लाय घरात घासायचा नाही. त्यांत गोंदाबरोबर फॉर्मल्डिहाइड असतं. फळीला प्लाय लागेल तो दुकानातूनच कापून आण.

आता आगीचं. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तुमचं देवघर त्याच खोलीच्या कोपऱ्यात आहे. लाखेचं पॉलिश करताना चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, ती वाफ जमिनीलगत पसरते आणि समईपर्यंत पोचायला तिला वेळ लागत नाही. तेव्हा पॉलिश गच्चीवरच, दिवे लावायच्या वेळी तर अजिबातच नाही. आणि जवसाचं तेल लावलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. हे तेल हवा शोषून सुकतं, सुकताना उष्णता सोडतं, आणि बोळा झालेल्या फडक्यात ती उष्णता कोंडून फडकं आपोआप पेटतं. काडी नको, ठिणगी नको. फडकं दोरीवर उलगडून वाळू दे किंवा पाण्यात भिजवून मग टाक. जाऊबाईंच्या ब्लाउजपिसांच्या ढिगाजवळ तर ते फिरकूसुद्धा द्यायचं नाही.

लाकूड कुठून आणायचं? वखारीत जाऊन ‘मला छोटा तुकडा द्या’ म्हणालीस तर ते आधी तुझ्याकडं बघतील, मग मागं नवरा आलाय का ते बघतील. येऊ दे त्यांना हसू. वखारीत हिशेब घनफुटाचा, तुझं काम तुकड्यांचं, त्यामुळं तुझा खरा बाजार वेगळा आहे. आपल्या बेळगावात उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, आणि फाउंड्री आली की पॅटर्न करणारे आलेच. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात. ओतीव लोखंड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी त्यांची मोजपट्टीच मुळात थोडी ताणलेली असते. एकदा बघायला चल माझ्याबरोबर. आजकाल ॲल्युमिनियमचे आणि यंत्रावर कापलेले पॅटर्नही असतात, पण लाकडाचं काम करणारे आहेत, आणि त्यांच्याकडचे सागाचे टाकाऊ तुकडे तुझ्या वर्षभराच्या चमच्यांना पुरतील. मला विचारशील तर अख्ख्या बेळगावात सुतारकामातली नजर शिकायला त्याहून चांगली जागा नाही. फर्निचरवाला एक सूत इकडं-तिकडं चालवून घेतो, पॅटर्नवाल्याला ते चालत नाही.

दुसरा बाजार पाडलेल्या घरांचा. कौलारू घरं पडतात आणि अपार्टमेंटं उभी राहतात, तेव्हा वासे, रीपा, तुळया विकायला निघतात. खानापूरकडच्या रानातला जुना साग, कधी मत्ती. मत्ती नको तुला, दगडासारखी असते, रंधा टेकत नाही. साग घे. घेताना लोहचुंबक फिरव, आत मोडलेले खिळे असतात आणि एक खिळा तुझ्या रंध्याचं पातं घेऊन जातो. जुना ऑइलपेंट असलेलं लाकूड घासायचं नाही, जुन्या रंगात शिसं असतं. कारखान्यांतून येणारी पॅकिंगची पाइनची लाकडं स्वस्त पडतात, त्यांवर छाप बघ. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालतात. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती तिथंच ठेव. आणि स्वयंपाकाच्या वस्तूंना पॅकिंगचं लाकूड कुठलंच नको.

करायचं काय, तर लहान. मोबाइलवाल्यांनी तुला पहिल्याच दिवशी बुकशेल्फ सांगितलंय. अगं, ते बनवताना ठेवणार कुठं? अर्धवट शेल्फ म्हणजे मागच की, चार आठवडे खोलीत आडवा. तुझ्या वस्तू अशा पाहिजेत की एका बैठकीत जिथं थांबशील तिथं थांबता यावं आणि अर्धी वस्तू ट्रंकेत जावी. उलथणं, पळी, चाटू, लाटणं, मिठाची डबी, शिलाईच्या रिळांसाठी खुंट्यांची पट्टी. ही शेवटची पहिल्यांदा कर आणि जाऊबाईंना दे. हो, लाच आहे. चालते. आंबा, फणस, चिंच, यांचं लाकूड स्वयंपाकाला चांगलं. आपल्याच जिल्ह्यात गोकाकची लाकडी फळं आणि आंबोलीचा घाट उतरून गेलं की सावंतवाडीची खेळणी, दोन्हीकडं हातात मावणाऱ्या वस्तूंवरच पिढ्यांनी नाव कमावलं. स्वयंपाकाच्या वस्तूंना शेंगतेल लावू नकोस, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट वास धरतं. जवसाचं कच्चं तेल लावून आठवडेच्या आठवडे वाळव, किंवा साधं मधमाश्यांचं मेण चोळ.

पुढं डबी, खण असलं काही करायला लागलीस की पावसाळा मधे येईल. लाकूड ओलाव्यानं फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. मे महिन्यात गच्च बसवलेला खण श्रावणात निघणार नाही. तेव्हा उन्हाळ्यात करताना बाजूला एक सूत मोकळं सोड, पावसाळ्यात करताना नेमका बसव. घरातली जुनी दारं का अडतात तेही कळेल.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि त्याला हत्यार नाही. तू अजून घरात कुणाला सांगितलेलं नाहीस, हो ना? दोन फळ्या लपवून आणल्यास आणि पलंगाखाली सारल्यास. हे थांबव. ज्या खोलीत चार माणसांचा वावर आहे तिथं चोरून काही टिकत नाही, आणि चोरून केलेल्या कामाचा भुसा दुप्पट दिसतो. आत्याबाईंना सांग. ‘सुतारकाम? बायकांनी?’ असं त्या म्हणतीलच. त्यांच्या पिढीत बायकांनी बिड्या वळल्या, माग चालवले, तंबाखूच्या वखारीत पोती उचलली, तेव्हा कुणी विचारलं नाही हे काम बायकांचं की पुरुषांचं, कारण त्यात पैसा येत होता. त्यांना खटकेल ते तू बिनपैशाचं, स्वतःच्या मजेसाठी काहीतरी करतेस हे. ते मनात धरून बोल. भांडू नकोस. परवानगी मागितल्यासारखंही बोलू नकोस. वेळ सांग. ‘बुधवारी आणि शनिवारी सहा ते सात, रविवारी दुपारी चार ते सहा, त्यानंतर खोली झाडून पुसून तुमची.’ आणि झाडून पुसून म्हणजे खरंच ओल्या फडक्यानं पुसून, नुसता केरसुणीनं उडवून नाही. कॉम्प्युटरवर चादर तू टाकायची, जावयांना सांगायचं नाही. मशीनवरचं कव्हर तू घालायचं.

आणि तुझ्या वेळात कोणी येऊन ‘जरा हे टेबल हवंय’ म्हणालं तर? पहिल्यांदा दे. दुसऱ्यांदा सांग की सातला देते. टेबलावर खडूनं रेघ मारायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, घरातला तिथपर्यंत नेऊ नकोस. अर्जुननगरला देवचंद कॉलेजात शिकलीस ना तू? घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात, आणि रोज चालत ये-जा. हद्द कुठं आहे हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावरून रोज कुणी थांबत नव्हतं. तसं चालू दे.

थकून आलीस तर करवत हातात घ्यायची नाही, त्या दिवशी धार लाव किंवा काहीच नको. हप्ता चुकला तर चुकला, पतसंस्था आहे का ती?

हे सगळं जमलं तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, मोठ्या कामाचं बघू. आत्याबाईंना लाकडाची काटवट पाहिजे म्हणत होतीस, ज्वारीचं पीठ मळायला. ती खोदायची म्हणजे वाकस आणि गोल पटाशी लागते, आवाज होतो, ढलप्या उडतात, ते खोलीचं काम नाही. तेव्हा आमच्या सोप्यात ये. माग गेला, पण त्याखालची फरशी अजून उघडीच आहे आणि गल्लीला ठोकाठोकीची सवय आहे.

तोवर एवढं कर. या रविवारी खोलीत भिंतीपासून मशीनपर्यंत, मशीनपासून पलंगापर्यंत आणि पलंगाखालची उंची, अशी तिन्ही मापं टेप लावून घे. इंचात नको, सुतापर्यंत घे. लिहून मला पाठव, म्हणजे फळी आणि ट्रंक कुठल्या मापाची ते मी सांगते.